गारठलेला कॉम्प्युटर

१

मोखाड्याच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर सोमवारी भरदुपारी बंद पडला, तो पुन्हा धड उठलाच नाही. बुधवारी सकाळपर्यंत त्याला कोणी मारलं हेही ठरून गेलं होतं. पंचनामा नाही, साक्षी नाहीत. एका कागदावर एक सही तेवढी व्हायची होती, आणि ती करायला विद्युल्लता जव्हारहून जीपनं निघाली होती.

जव्हारच्या बाजारात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. संस्थेच्या या दवाखान्यातली यंत्रं चार वर्षं तिच्याच गळ्यात होती. सकाळी ऑफिस सांभाळणाऱ्या दामोदरभाऊंचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, नेहमीचंच रडगाणं असेल.

"मॅडम, मशीन बघा आणि तुमचं मत लिहून द्या. चार वाजता डॉक्टर किमया मीटिंग घेतायत. सोमीला घरी पाठवायचं ठरलंय."

"सोमीला? का?"

"रजिस्टरात खोट्या नोंदी. दोन आठवडे मनानं आकडे ठोकलेत तिनं."

जीपमध्ये चौघांच्या जागेत सहा जणं कोंबली होती. विद्युल्लतेच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. सोमी दाभोशाजवळच्या पाड्यावरची. विद्युल्लतेच्याच क्लासात सहा महिने शिकली, आणि या नोकरीसाठी तिचं नाव विद्युल्लतेनंच सुचवलं होतं. दवाखान्यातून "खोटारडी" म्हणून काढलेल्या पोरीला मोखाड्यात नि जव्हारात दुसऱ्या टेबलाशी कोण बसवणार? अशा बातम्या जीपच्या आधी पाड्यावर पोचतात.

मोखाड्याच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा साडेअकरा वाजले होते. हातात जेमतेम साडेचार तास होते.

२

दामोदरभाऊंनी रजिस्टर टेबलावर आपटलं.

"हे वाचा. शनिवार, अठरा एप्रिल, दुपारी तीन. तापमान किती? एक! बाहेर माणसं भाजून निघतायत आणि कॉम्प्युटर म्हणे एक अंशावर. अहो, मोखाड्यात बर्फ पडला तर आधी मला कळेल."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. राबणारं डोकं तापतं, आणि फार तापलं की यंत्र स्वतःला वाचवायला एकदम बंद होतं. म्हणून विद्युल्लतेनं गेल्या वर्षी या यंत्रावर एक छोटा प्रोग्रॅम टाकला होता. पडद्याच्या कोपऱ्यात तो प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दाखवायचा. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला तो रजिस्टरात लिहायचा, हे सोमीचं काम होतं.

टेबलापलीकडे ठाण्याच्या कंपनीचा इंजिनियर बसला होता. नाव तन्मय. मार्चमध्ये त्याच्या कंपनीनं दवाखान्यात नवं नेटवर्क टाकलं, तेव्हा त्यानंही या कॉम्प्युटरवर तापमान मोजणारा आपला एक प्रोग्रॅम चढवून ठेवला होता.

"मी काल मशीन चालू केलं, मॅडम. दहा मिनिटांत माझ्या सॉफ्टवेअरनं त्र्याण्णव दाखवलं, आकडा चढतच गेला आणि मशीन बसलं. शनिवारी एक नि मंगळवारी त्र्याण्णव? आकडे खोटे आहेत. दुसरं काही असूच शकत नाही."

"माझा प्रोग्रॅम तेव्हा किती दाखवत होता?"

तन्मय जरा चुळबुळला. "तो मी आधीच काढून टाकला. एका मशीनवर दोन-दोन कशाला?"

म्हणजे दोन साक्षीदारांतल्या एकाला यानं उलटतपासणीआधीच हाकलून दिलं होतं. त्याच्या फाइलीतून नव्या कॉम्प्युटरच्या दरपत्रकाचा कोपरा डोकावत होता, तोही विद्युल्लतेनं पाहून ठेवला.

"पंधरवड्यात चारदा बंद पडलं यंत्र," दामोदरभाऊ म्हणाले. "सोमवारी पडलं ते फाइल घेऊनच गेलं. एक्केचाळीस पाड्यांवरच्या बाळांची अठरा दिवसांची वजनं गेली. आता सगळं कागदांवरून पुन्हा भरायचं. आणि शनिवारी ही पोरगी मला येऊन काय म्हणाली माहितीये? 'साहेब, कॉम्प्युटर गारठतोय.' गारठतोय! मी हसलो. आता कळतं, तेव्हापासूनच बनाव रचत होती."

विद्युल्लतेनं रजिस्टर उलटून पाहिलं. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी एक झोकदार सही होती.

"दामोदरभाऊ, खाली सही तुमची आहे."

"ती... पाहिल्याची आहे."

"काय पाहिल्याची?"

दामोदरभाऊंनी उत्तरादाखल घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजता मत लागेल, मॅडम. लेखी."

३

सोमी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. तेवीस वर्षांची पोर, पण दोन दिवसांत चेहरा उतरला होता. विद्युल्लता दिसताच ती उठून उभी राहिली.

"ताई, मी दिसला तोच लिहला. देवाशपत."

"बस. मला सगळं नीट सांग. रोज तूच लिहायचीस?"

"रोज. दहाला नि तीनला. लसीच्या फ्रिजचा लिहायची ना दोन वर्ष, तसाच."

तसंच होतं. रजिस्टरच मुळी लसीच्या फ्रिजचं होतं. वर छापलेल्या मथळ्यावर रेघ मारून पेनानं 'कॉम्प्युटर' लिहिलेलं. लस दोन ते आठ अंशांमध्ये राहिली पाहिजे, हे या दवाखान्यात झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आठाच्या वर गेली की बोंब. दोनाच्या खाली गेली की लस गोठून वाया.

विद्युल्लता आकड्यांवरून बोट फिरवत गेली. मार्च ठीक होता. एक एप्रिलला सकाळी एक्कावन्न, दुपारी शहात्तर. तीन एप्रिलला त्रेपन्न आणि एक्क्याऐंशी. चार एप्रिलला सकाळी चोपन्न आणि त्याच दिवशी दुपारी सतरा. तिथून पुढं आकडे उतरतच गेले होते, आणि सोमीनं त्यांच्यापुढं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. अठरा तारखेच्या 'एक'पुढं मात्र खूण नव्हती.

"चार तारखेला एवढा एकदम खाली कसा आला?"

"तेव्हापास्नं गारच झाला, ताई. आवाज बी बंद झाला."

"कसला आवाज?"

सोमीनं तिच्याकडं पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "ओरडायचा ना तो. तीन तारखेला लय ओरडला."

"सेटिंगला कोणी हात लावला होता? या तन्मयनं? दामोदरभाऊंनी?"

"माझाच हात असतो, ताई. दुसरा कोण बसतो तिथं?"

हे उत्तर मीटिंगमध्ये दिलं तर पोर मेलीच, हे विद्युल्लतेच्या ध्यानात आलं. तिला सोमीचा राग आला, नि त्याहून जास्त भीती वाटली. खोटं बोलणारा माणूस निदान चार नावं तरी पुढं करतो. ही आपल्याच हातानं मान पुढं करत होती.

"अजून काही आहे का? माझ्यापासून लपवू नकोस."

सोमी अंगठ्याचं नख कुरतडत राहिली. "नाय."

पण काहीतरी होतं. ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

४

कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकताच विद्युल्लतेला शिंक आली. भिंतीला लागून पोती होती, मध्ये चादर अंथरली होती, आणि तिच्यावर बसून बायडी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, भाजकं पीठ पिशव्यांत भरत होती. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखाना हे पीठ पाड्यांवर पाठवतो. पण पीठ भरायची खोली पलीकडे, अंगणाच्या टोकाला होती.

"बायडीमावशी, तुम्ही इथं कशा?"

"तिकडला पत्रा काढलाय ना. साहेबच बोलले, हितं बसा. होळीनंतर लगेच." बायडीनं पिठाळ हातानं पदर सावरला. "दीड महिना झाला आसल बघ."

विद्युल्लतेनं कॅबिनेटचे स्क्रू सोडवले, पत्रा सरकवला आणि आत पाहिलं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर तांबूस थर चढला होता. त्याखालच्या धातूच्या चकत्या, ज्यांच्यामधून वारा जायचा, त्या पिठानं गच्च लिंपल्या होत्या. नखानं खरवडलं तर भाकरीच्या काठासारखा तुकडा निघाला. तन्मयनं यंत्र उघडण्याची तसदीसुद्धा घेतली नव्हती.

तर यंत्र तापून मेलं ते पिठानं. पीठ आलं ते दामोदरभाऊंच्या हुकमानं. इथवर सरळ होतं, पण सोमीची यातून सुटका होत नव्हती. उलट फास आवळत होता. यंत्र खरोखरच तापत होतं, तर रजिस्टरात सतरा, बारा, सात, एक कुठून आले?

"मावशी, हे यंत्र तापलेलं तुम्हाला कधी जाणवलं?"

"जाणवल नाय तर? माझी पाठ त्याच्याकडंच. आगटी पेटल्यागत वारा यायचा त्याच्यातनं. मग सोमवारी त्या पोरीनं त्याच्यावर गोधडी घातली, तवा यायचा बंद झाला."

विद्युल्लतेनं पेचकस खाली ठेवला. "कोणी घातली?"

"सोमीनं. घरची गोधडी आणली, चांगली चहूबाजूनं खोचली, वरचा पंखा बी बंद केला. मी म्हनला, मना हितं उकडतो. तर बोलली, मावशी दोन दिवस सोसा." बायडीनं पिशवीचं तोंड बांधलं. "दुपारी बंद पडला तवा पयली गोधडी काढून पळवलीन तिनं."

तापलेल्या यंत्राला गोधडी! याला निष्काळजीपणा कोण म्हणेल? हे तर जाणूनबुजून गळा दाबणं झालं. दामोदरभाऊंच्या कानावर हे गेलं की नोकरीवर थांबणार नव्हतं, थेट पोलिसांत तक्रार झाली असती. आणि बायडी काही गुपित ठेवणाऱ्यांतली नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

५

"गोधडी का घातलीस?"

सोमीचे डोळे एकदम भरून आले. "दोनच्या खाली गेला, ताई. एक झाला. लस असती तर फेकायला लागली असती. मी साहेबांना सांगला, ते हसले. मग मी काय करू? घरनं गोधडी आणली. मना वाटला, जरा ऊब भेटली का परत चढल. सोमवारी घातली नि दोन तासात मेलाच तो. माझ्याच हातनं मेला."

मघापासून अंगावर आलेली भीती आता विद्युल्लतेच्या डोक्यात काम करायला लागली होती. माणूस साहेबाला फसवायला खोटा आकडा लिहील, समजू शकतं. पण स्वतःच बनवलेल्या आकड्याला घाबरून कोणी घरची गोधडी आणील? चोरानं स्वतःच आरोळी ठोकून मग स्वतःच काठी घेऊन धावावं, तशातली गत. या पोरीनं तो 'एक' डोळ्यांनी पाहिला होता.

आणि दुसरी गोष्ट. तिनं रजिस्टर पुन्हा उघडलं. चार तारखेआधी सकाळचा आकडा लहान, दुपारचा मोठा. चार तारखेनंतर रोज सकाळचा मोठा, दुपारचा लहान. एप्रिलात खोटे आकडे रचणारा माणूस कितीही मूर्ख असला तरी दुपार सकाळपेक्षा गार लिहीत नाही.

तिनं कॉम्प्युटरची डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. वजनांची फाइल उघडली नाही, पण बाकीचं बरंचसं शाबूत होतं. तन्मयला हाक मारून विचारलं, "तुमचा प्रोग्रॅम नुसता आकडा दाखवतो, की लिहूनही ठेवतो?"

"दर तासाला लिहितो. आतल्या फोल्डरमध्ये फाइल असते. पण ती कोणाला माहीत नसते."

"सोमीला?"

"शक्यच नाही. त्याला पासवर्ड आहे, तो फक्त माझ्याकडे."

त्यानं पासवर्ड घातला. विद्युल्लतेनं एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे सोमीचं रजिस्टर, उजवीकडे तन्मयची फाइल. मार्च अखेरपर्यंत दोन्ही जुळत होतं, कुठं एखाद्या अंशाचा फरक. तीन एप्रिल दुपार, एक्क्याऐंशी आणि एक्क्याऐंशी. चार एप्रिल सकाळ, चोपन्न आणि चोपन्न. चार एप्रिल दुपार, सोमीचे सतरा आणि तन्मयचे त्र्याऐंशी.

"बघा," तन्मय म्हणाला. "इथून खोटं सुरू."

ती लिहीत गेली. आठ तारखेला सकाळी त्रेचाळीस आणि सत्तावन्न. दुपारी चौदा आणि शहाऐंशी. पंधरा तारखेला चौतीस आणि सहासष्ट. सात आणि त्र्याण्णव. अठराला दुपारी एक आणि नव्व्याण्णव.

तिचा हात थांबला. तिनं परत वरून सुरुवात केली, यावेळी पेन्सिलीनं शेजारी बेरीज मांडत. सतरा नि त्र्याऐंशी, शंभर. त्रेचाळीस नि सत्तावन्न, शंभर. चौदा नि शहाऐंशी, शंभर. सगळ्या पानभर शंभर. दोन-तीन ठिकाणी नव्व्याण्णव किंवा एकशे एक, म्हणजे सोमीनं दोन-चार मिनिटं मागंपुढं लिहिलेलं.

"तन्मय, या प्रोसेसरची हद्द किती?"

"शंभर अंश. त्याला पोचला की..." तो बोलता बोलता खुर्चीत सरळ झाला. "अरे देवा!"

"सोमी तापमान लिहीतच नव्हती. माझा प्रोग्रॅम चार तारखेपासून हद्द गाठायला किती अंश उरलेत ते दाखवत होता. यंत्र तापेल तसा आकडा लहान. एक म्हणजे मरायला एक अंश बाकी. तुमची फाइल खरी आणि तिचं रजिस्टरही खरं. तिनं कधी न पाहिलेल्या फाइलीशी शंभराची जोडी मनानं कोण जमवील?"

तन्मयचा चेहरा पडला, पण त्यानं मान हलवली. भला माणूस होता, फक्त घाईतला. "पण मॅडम, हे सेटिंग आपल्या मनानं बदलत नाही. चार तारखेला ते कोणी बदललं?"

६

तीन वाजायला आले होते. तन्मयनं जुना प्रोग्रॅम काढला होता, पण त्याच्या सेटिंगची फाइल डिस्कवर तशीच राहिली होती. ती शेवटची बदलल्याची वेळ विद्युल्लतेनं वाचली. चार एप्रिल, अकरा वाजून एकोणीस मिनिटं.

ओरडायचा ना तो, असं सोमी म्हणाली होती. ऐंशीच्या वर गेला की प्रोग्रॅम शिट्टी मारायचा. ती सोय विद्युल्लतेनंच ठेवली होती. तीन तारखेला आकडा एक्क्याऐंशीला गेला नि शिट्टी सुरू झाली. मग चार तारखेला ती बंद झाली.

तिनं आपला मोबाइल काढला आणि कॉलची यादी मागं सरकवायला लागली. दिवसाला पंधरा-वीस फोन येतात, सगळे कोण लक्षात ठेवतो? पंधरा तारीख, अकरा, सात. चार एप्रिल. अकरा वाजून चौदा मिनिटं, मोखाडा दवाखाना, बोलणं पाच मिनिटं.

सगळं आठवलं. शनिवारची गर्दी, काउंटरवर प्रिंटर घेऊन भांडणारं गिऱ्हाईक, आणि कानाशी सोमी: ताई, हा सारखा ओरडतो, काय करू? तिनं विचारलंच नव्हतं का ओरडतो म्हणून. उन्हाळा आहे, तापणारच, असं म्हणून टाकलं होतं. सेटिंगमध्ये जा, वरून दुसरी चौकट, तिच्यात टिक कर, झालं. तिच्या दुकानातल्या नव्या प्रोग्रॅममध्ये दुसरी चौकट आवाज बंद करायची होती. इथल्या जुन्यात ती दुसऱ्याच कशाची तरी होती. टिक पडली, आकडा एकदम सतराला आला, ऐंशीच्या खाली गेला म्हणून शिट्टी आपोआप थांबली. "थांबला, ताई!" सोमी आनंदानं म्हणाली होती. "शाब्बास," असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

विद्युल्लता खुनी शोधायला आली नि आरशापुढं येऊन उभी राहिली. शिट्टी म्हणजे यंत्राचं ओरडणं होतं. तिनं त्याचं तोंड दाबलं होतं, तेही दुसऱ्याच्या हातानं.

हा फोन फक्त दोघींना ठाऊक होता. तिनं मोबाइल खिशात टाकला.

७

चार वाजता डॉक्टर किमयांनी सगळ्यांना आत बोलावलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. टेबलावर सोमीच्या नावचं पत्र टाइप होऊन पडलं होतं.

विद्युल्लतेनं पिठाचा तुकडा कागदावर ठेवला, दोन रकाने पुढं केले, शंभराची बेरीज दाखवली. लसीच्या फ्रिजवर दोन वर्षं काढलेल्या मुलीला लहान आकडा चांगला आणि दोनाखालचा वाईट वाटणार, म्हणून तिनं गोधडी घातली, हेही सांगून टाकलं. बायडीनं सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

"म्हणजे यंत्र मरायला टेकलं होतं तेव्हा ही मुलगी त्याला थंडी वाजतेय म्हणून सांगायला आली होती," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आणि दामोदर, तुम्ही हसलात. पीठही तुम्हीच त्या खोलीत आणलंत."

बुडत्याला काडीचा आधार तसा दामोदरभाऊंनी एकच प्रश्न धरला. "पण सेटिंग कोणी बदललं? त्यानंच तर सगळा घोळ झाला ना?"

"अपडेटनं बदलतात कधीकधी," तन्मय म्हणाला. सकाळच्या घाईची भरपाई म्हणूनच बोलला बिचारा. "आपोआप."

सगळ्यांनी विद्युल्लतेकडं पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पोरगी सुटली असती, दुकानाचं नाव राहिलं असतं, कोणाचंच काही गेलं नसतं. विद्युल्लतेनं मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

"आपोआप कसलं?" दामोदरभाऊ उसळले. "चार तारखेला खुर्चीवर कोण होतं? हीच ना? हिच्याच हातानं बदललं."

सोमी खाली बघून म्हणाली, "हो. माझाच हात व्हता."

"हात तिचा," विद्युल्लता म्हणाली. "सांगणं माझं. तिनं मला फोन करून विचारलं होतं, यंत्र का ओरडतंय म्हणून. मी न बघता, न विचारता चुकीची चौकट सांगितली. ही फोनची वेळ, ही सेटिंगची. जबाबदारी माझी आहे."

डॉक्टरांनी दोन्ही वेळा पडताळल्या. मग सोमीच्या नावचं पत्र मधोमध फाडलं. "पीठ उद्या सकाळपर्यंत दुसरीकडे हलवा, दामोदर. वजनं पुन्हा भरायला सोमीच्या शेजारी तुम्ही बसायचं." आणि नजर न चुकवता म्हणाल्या, "विद्युल्लताबाई, इथलं काम यापुढं तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे," विद्युल्लता म्हणाली. आणि ते बरोबरच होतं.

व्हरांड्यात सोमी तिच्यामागून आली. जव्हारची जीप भरत होती, ड्रायव्हर हाका मारत होता.

"तुला तो फोन आठवत होता ना?" विद्युल्लतेनं विचारलं.

"हो."

"मग सोमवारपासून बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस."

"मी बोलले असते तर साहेब बोलले असते, ताईवर ढकलते. मना वाटला, तुम्ही आलात का तुम्हीच सांगाल."

विद्युल्लतेला ते ऐकवेना. निघून जाता आलं असतं, पण आजच्या दिवसात आणखी एक गोष्ट दाबून ठेवण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"तन्मय बोलला ना, आपोआप म्हणून... तेव्हा मी गप्प बसणार होते, सोमी."

"माहीत हाय," सोमी म्हणाली. "मी तुमच्याकडंच बघत व्हते."